प्रोसेसर आणि रॅम बदलल्यावर डिस्प्लेच येत नाही, पंखे मात्र फिरतात – मदत हवी

अक्षरजुळणी | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार. कराडला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची रीघ सुरू होते, आणि नेमका आत्ताच कॉम्प्युटर बंद पडलाय. शुक्रवारी तीन पत्रिका छापखान्यात जायला हव्यात, त्यातली एक चार घड्यांची आहे. घरच्या लॅपटॉपवर श्री-लिपी (मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर) नाही, त्यामुळे तिथे काम हलवणंही जमत नाही.

आधीची मशीन: रायझन ३ २२०० जी, बी४५० मदरबोर्ड (२०१८ च्या दिवाळीत जोडून घेतलेला), ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच पट्टी, ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), २५० जीबी एसएसडी. ग्राफिक्स कार्ड नाही. मॉनिटर १९ इंची, जुना, त्याला फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीची वायर) आहे.

विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. ११ टाकायला गेले तर हा प्रोसेसर चालणार नाही असं सांगितलं. मग पुण्याहून रायझन ५ ५६०० आणि १६ जीबीच्या दोन रॅम मागवल्या. आज दुपारी दुकान बंद ठेवून मीच बदलल्या. जुना काढला, नवा बसवला, त्याच्यासोबत आलेला नवा कूलर लावला, रॅमही नव्या घातल्या.

बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, समोरचा दिवा लागतो. मॉनिटरवर ‘सिग्नल नाही’ असं येतं आणि तो झोपी जातो. बीप नाही, काही नाही. पाच-सहा वेळा चालू-बंद केलं. कुठून सुरुवात करू?

वडाची_पारंबी | मंगळवार, रात्री ९:२२

रॅम काढा, सोनेरी दातांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, पुसून परत बसवा. दहातल्या सात मशीन अशाच चालू होतात. आमच्या ऑफिसात पावसाळा संपला की हा कार्यक्रम दरवर्षी असतो.

जुना_खिळा | मंगळवार, रात्री ९:३५

पारंबी, रॅम जुनी असती तर मीही हेच सांगितलं असतं. दमट हवेत दातांवर थर चढतो, तो खोडरबराने जातो. पण या पट्ट्या आज पाकिटातून काढल्यात. नव्या रॅमचा त्रास सहसा थराचा नसतो, ती पूर्ण आत बसलेली नसते.

ताई, आता काही काढू-घालू नका. आधी एवढं सांगा:

मशीन चालू असताना कीबोर्डचं नमलॉक दाबून बघा, दिवा पेटतो-विझतो का?

मदरबोर्डवर, बहुतेक उजव्या कडेला, चार बारीक दिवे असतील. शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं लिहिलेलं असतं. त्यातला कुठला पेटून राहतो? सगळ्या बोर्डांवर ते नसतात.

मॉनिटरची वायर कुठे लावली आहे?

आणि प्रोसेसरच्या खोक्यावर ५६०० च्या पुढे काही अक्षर आहे का?

नमलॉक मी मुद्दाम पहिलं विचारलं. तो दिवा बदलत असेल तर मशीन आतून चालू आहे, फक्त चित्र तुमच्यापर्यंत पोचत नाही. मग वायर, मॉनिटर, कार्ड एवढंच बघायचं. बदलत नसेल तर मशीन सुरूच झालेली नाही, आणि मॉनिटरकडे बघून काही कळणार नाही. दोन्हीला लोक ‘डिस्प्ले नाही’ म्हणतात, पण रस्ते अगदी वेगळे आहेत.

गच्चीवरचा_अँटेना | मंगळवार, रात्री ९:४१

एसएमपीएस गेला असेल. ४५० वॅट कमी पडतो.

पिक्सेलवाली | मंगळवार, रात्री ९:५८

अँटेना, कमी नाही पडणार. २२०० जी आणि ५६०० दोन्ही ६५ वॅटचेच प्रोसेसर आहेत आणि मशीनमध्ये कार्डही नाही. दुपारपर्यंत चालणारा एसएमपीएस प्रोसेसर बदलताना योगायोगाने जाणं अशक्य नाही, पण शंकेच्या यादीत तो शेवटी ठेवावा. ताईंना उगाच दोन-तीन हजारांच्या खर्चात पाडू नका.

मला खोक्यावरच्या अक्षराचीच काळजी वाटते. ताई उत्तर देईपर्यंत लिहून ठेवते. ५६०० आणि ५६०० जी हे वेगळे प्रोसेसर आहेत. जी असलेल्याच्या पोटात ग्राफिक्स असतं, नुसत्या ५६०० मध्ये नसतं, ५६०० एक्समध्येही नसतं. तुमचा जुना २२०० जी पोटात ग्राफिक्स असलेला होता, म्हणून इतकी वर्षं कार्डाशिवाय चाललं. मदरबोर्डच्या मागे व्हीजीए, एचडीएमआयची भोकं असली तरी त्यांना चित्र पुरवणारा प्रोसेसरच असतो. बोर्ड स्वतः काही काढत नाही.

अक्षरजुळणी | मंगळवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. उत्तरं देते.

नमलॉक दाबलं तरी दिवा लागत नाही. वायर मदरबोर्डच्या व्हीजीएलाच आहे, पहिल्यापासून तिथेच असते. बोर्डवर चार दिवे सापडले. पहिला, सीपीयू लिहिलेला, लाल पेटून राहतो. बाकीचे तीन पेटत नाहीत.

खोक्यावर फक्त ५६०० आहे. जी नाही. बिल काढून बघितलं, त्यावरही जी नाही. फोनवर मी ‘जी’ म्हटल्याचं मला पक्कं आठवतं, पण कागदावर नाही म्हटल्यावर काय बोलणार. सात वर्षांत पहिल्यांदा एवढे पैसे घातले, आणि तेही एका अक्षराने असं व्हावं याचं फार वाईट वाटतंय.

पिक्सेलवाली | मंगळवार, रात्री १०:४४

ताई, धीर सोडू नका. प्रोसेसर चांगला आहे, वाया जाणार नाही. पण तुमच्याकडे एकाच वेळी दोन अडचणी आहेत आणि त्या सुट्या करायला हव्यात.

पहिली कळली: या प्रोसेसरला ग्राफिक्स कार्ड लागणारच.

दुसरी: फक्त ग्राफिक्स नसतं तर व्हीजीएचा दिवा पेटला असता. तुमचा सीपीयूचा पेटलाय. म्हणजे बोर्ड पहिल्याच पायरीवर अडलाय, प्रोसेसर ओळखतच नाहीये. याचं सर्वांत संभाव्य कारण बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डाच्या चिपमधला प्रोग्रॅम. बोर्ड २०१८ चा, आणि ५६०० बाजारात आला २०२२ च्या एप्रिलमध्ये. सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) तोच, एएम४, म्हणून तो बसतो. पण बोर्डातलं बायोस या प्रोसेसरच्या जन्माआधीचं आहे.

बी४५० वर ५००० मालिका चालण्याची कथाही सरळ नाही. २०२० च्या मे महिन्यात एएमडीने जाहीर केलं होतं की नवी पिढी ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाही. लोकांनी इतकी नाराजी दाखवली की त्याच महिन्यात निर्णय फिरवला. त्यानंतर मदरबोर्ड कंपन्यांनी नवी बायोस काढली. म्हणजे तुमच्या बोर्डावर ५६०० चालेल, फक्त आधी बायोस चढवावं लागेल. तुम्ही कधी चढवलंय का?

अक्षरजुळणी | मंगळवार, रात्री १०:५०

कधीच नाही. बायोसमध्ये शिरल्याचंही आठवत नाही.

जुना_खिळा | मंगळवार, रात्री ११:०५

मग रस्ता सरळ आहे. जुना प्रोसेसर, जुनी ८ जीबी पट्टी परत घाला. दुपारी ज्या अवस्थेत चालत होतं त्याच अवस्थेत आणा. डिस्प्ले आला की बायोस चढवू. एका वेळी एकच वस्तू बदलायची. आज तुम्ही प्रोसेसर, कूलर, रॅम तिन्ही एकदम बदलल्यात, त्यामुळे कोण अडवतंय ते मशीन सांगू शकत नाही.

काही बोर्डांना मागे बायोस चढवायचं वेगळं बटण असतं, प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून चढवता येतं. तुमच्या बोर्डाच्या मागे यूएसबीजवळ तसं बटण दिसतंय का बघा. नसेल तर जुना प्रोसेसर घालण्याला पर्याय नाही.

कूलर सोडवताना कॅबिनेट आडवं झोपवा. या कूलरचे चार स्क्रू बोर्डाच्या पाठीमागच्या पट्टीत बसतात. उभ्या कॅबिनेटमध्ये सगळे सोडले की ती पट्टी मागे घसरते. स्क्रू कोपऱ्यासमोरचा कोपरा असे थोडे थोडे सोडा, लावतानाही तसेच.

अक्षरजुळणी | बुधवार, रात्री १२:३५

तसं बटण नाही. जुना घालायला गेले, पण तो सॉकेटमध्ये उतरतच नाहीये. बाणाचा सोनेरी त्रिकोण जुळवला, दांडी वर केली, तरी एक कोपरा वर राहतो. दाबला नाही.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. दुपारी कूलर ओढला तेव्हा जुना प्रोसेसर त्याच्यासोबतच निघून आला होता, खाली चिकटलेला. दांडी लावलेलीच होती. मी तो बोटांनी फिरवून वेगळा केला. तेव्हा काही झालं असेल का?

बर्फातला_कांदा | बुधवार, रात्री १२:५२

टोरोंटोहून लिहितोय, इथे दुपार आहे, म्हणून जागा आहे. ताई, दाबला नाहीत हे फार चांगलं केलंत.

एएम४ च्या प्रोसेसरला खालून १३३१ पिना असतात, आणि सॉकेटची दांडी त्यांना फक्त बाजूने धरते. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली सात वर्षांची थर्मल पेस्ट वाळून डिंकासारखी झाली की तिची पकड दांडीपेक्षा जास्त होते. कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर उपटून येतो. हे असंख्य लोकांच्या बाबतीत झालंय. (पुढच्या वेळी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट ऊब धरू द्या, मग बंद करून, वायर काढून, कूलर डावीकडे-उजवीकडे हलका पिळा आणि मगच उचला.)

बोटांनी सोडवताना कडेच्या एक-दोन पिना वाकल्या असणार. आत्ता करू नका. डोळे थकलेत, हात थरथरेल. सकाळी उन्हात बघा. प्रोसेसर कडेने धरा, पिनांच्या ओळीत डोळा लावून तिरकं बघा. ओळी सरळ दिसतात, वाकलेली लगेच खुपते. चारही बाजूंनी बघा.

पिक्सेलवाली | बुधवार, सकाळी ७:३०

ताई डीटीपीवाल्या आहेत, म्हणजे छपाईचं रजिस्ट्रेशन बघायचं भिंग जवळ असेलच. ते वापरा, त्याने फार सोपं होईल. सरळ करायला ०.५ ची क्लच पेन्सिल घ्या, शिसं काढून टाका. पुढची धातूची नळी वाकलेल्या पिनेवर चढवा आणि अगदी थोडं, अगदी सावकाश उभं करा. एका दमात नाही. पीन पुढे-मागे सारखी वाकवली तर तुटते. सुरू करण्याआधी हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावा.

अक्षरजुळणी | बुधवार, सकाळी ११:१५

भिंगातून दोन वाकलेल्या दिसल्या, दोन्ही एकाच कोपऱ्यात. एक जवळजवळ आडवी, दुसरी जराशी. पेन्सिलीने अर्धा तास लागला. पत्रिकेतल्या वेलांटीचा एखादा बिंदू सरकवताना जसा श्वास धरते तसाच धरला होता. नंतर प्रोसेसर नुसता ठेवला, आपोआप खाली उतरला, दांडीही सहज बसली. पेस्ट पुसून नवी लावली, जुना कूलर, जुनी रॅम.

पण डिस्प्ले नाही. सीपीयूचा दिवा अजून लालच आहे. जुन्या प्रोसेसरवरसुद्धा. आता मला खरंच भीती वाटतेय. बोर्ड गेला का?

गच्चीवरचा_अँटेना | बुधवार, सकाळी ११:२८

ताई, आता मी घाईने काही बोलत नाही. काल कूलर काढताना कुठली वायर सोडली होती का? बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, कूलरच्या अगदी जवळ, आठ पिनांची (कधी चार-चार जोडलेली) एक पॉवरची वायर असते. ती फक्त प्रोसेसरसाठी असते. ती नसली तरी २४ पिनांच्या मोठ्या वायरीवर पंखे, दिवे, सगळं चालू होतं. फक्त प्रोसेसरला वीज मिळत नाही. अगदी तुमच्यासारखंच दिसतं.

कोयनाकाठ | बुधवार, सकाळी ११:४०

अक्षरजुळणी ताई, मी मलकापूरलाच राहतो. माझ्याकडे जीटी ७१० कार्ड पडून आहे, व्हीजीएचं भोक असलेलं. त्याला वेगळी पॉवर लागत नाही. संध्याकाळी सुटल्यावर घेऊन येऊ का? दुकानाचं ठिकाण निरोपातून कळवा, इथे उघड लिहू नका.

अक्षरजुळणी | बुधवार, दुपारी १२:०५

आला! डिस्प्ले आला!

अँटेना, तुमचे खूप खूप आभार. काल रात्री स्क्रू ड्रायव्हर आत जाईना म्हणून ती वायर काढली होती, आणि आज परत लावायची राहिली. लावली, ‘टक’ आवाज आला, बटण दाबलं, आणि दहा सेकंदांत विंडोज समोर. पत्रिकांच्या फाइली जशाच्या तशा आहेत. पहिल्या दोन पत्रिका आजच पूर्ण करते, मगच बायोसला हात लावते. कोयनाकाठ, संध्याकाळी नक्की या, चहा तयार ठेवते.

जुना_खिळा | बुधवार, दुपारी १:१०

अगदी योग्य केलंत. आधी काम, मग बायोस. त्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून घ्या.

आता बायोसबद्दल नीट वाचा, कारण इथे घाई झाली तर बोर्डच निकामी होतो.

बोर्डवर छापलेलं पूर्ण नाव बघा. शेवटचं एखादं अक्षर, आवृत्तीचा आकडा, सगळं. मिळतंजुळतं नाव चालत नाही. फाइल फक्त कंपनीच्या स्वतःच्या पानावरून घ्या. तिथे प्रोसेसरची यादी असते, ५६०० समोर कुठल्या आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं. आणि प्रत्येक आवृत्तीखालची बारीक टीप वाचाच. जुन्या बायोसवरून थेट नव्यावर उडी मारता येत नाही, मधली एक आवृत्ती आधी चढवा, असं पुष्कळ बोर्डांना लिहिलेलं असतं. काही आवृत्त्यांत बायोसच्या चिपमध्ये जागा पुरत नाही म्हणून जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकलेला असतो. तुमचा २२०० जी त्यात गेला तर चढवल्यावर जुन्याकडे परतता येणार नाही. परतीचा रस्ता बंद होतोय का, हे आधी कळलेलं बरं.

पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. विंडोजमधून चढवू नका, बायोसमध्ये शिरून त्यातल्याच सोयीने चढवा. नावं कंपनीगणिक वेगळी असतात, ईझी फ्लॅश, क्यू-फ्लॅश, एम-फ्लॅश, इन्स्टंट फ्लॅश.

आणि वीज. यूपीएसवर मशीन असल्याशिवाय सुरूच करू नका. यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर दुपारी लाइट जाण्याच्या वेळा टाळा.

अक्षरजुळणी | बुधवार, दुपारी ३:४५

पान सापडलं. माझ्या बोर्डावर आत्ता २०१८ चंच बायोस आहे. ५६०० साठी २०२२ नंतरचं लागतं, आणि खरंच मधे एक आवृत्ती आधी चढवायला सांगितली आहे. ही टीप मी वाचलीच नसती. २२०० जी नव्यातही चालतो असं यादीत दिसतं.

यूपीएस दहा मिनिटं टिकतो, दुकानातल्या बाकीच्या वस्तू काढून फक्त कॉम्प्युटर त्यावर ठेवते.

वडाची_पारंबी | बुधवार, दुपारी ४:०२

मी काल खोडरबर सांगून मोकळा झालो होतो. इथून पुढे कुणाला रबर सुचवण्याआधी नमलॉक विचारीन. ताई, बायोस चढत असताना स्क्रीन मधेच काळी झाली किंवा मशीन स्वतःहून दोनदा बंद-चालू झाली तरी हात लावू नका. आमच्या ऑफिसात एकाने तेवढ्यावर बटण दाबलं आणि बोर्ड गेला.

कोयनाकाठ | बुधवार, रात्री ९:३०

ताईंच्या दुकानातून आत्ताच घरी आलो. त्या पत्रिकेत गुंतल्यात म्हणून मीच लिहितो.

मधली आवृत्ती चढवली, तीन-चार मिनिटं लागली. परत चालू करून बायोसमध्ये आकडा बदललेला बघितला. मग शेवटची चढवली. प्रत्येक वेळी विंडोजपर्यंत जाऊन खात्री केली. त्यानंतर मशीन बंद, वायर काढून, कूलर पिळून उचलला, या वेळी प्रोसेसर जागेवरच राहिला. नवा घातला. रॅम मात्र जुनी ८ जीबीचीच ठेवली. जीटी ७१० खाचेत ‘खट्’ होईपर्यंत दाबलं, मॉनिटरची वायर कार्डाला लावली. आठ पिनांची वायर ताईंनी स्वतः लावली आणि तीनदा बघितली.

पहिल्यांदा चालू केल्यावर सुमारे चाळीस सेकंद काही नाही. लाल दिवा सीपीयूवरून रॅमवर, तिथून व्हीजीएवर सरकला आणि विझला. मग स्क्रीनवर अक्षरं आली. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू, माझ्याही आलं.

पण ती अक्षरं म्हणजे एक प्रश्न होता: नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम नव्याने करायचा का, ‘वाय’ दाबा किंवा ‘एन’ दाबा. आम्ही दोघंही थांबलो. काय दाबायचं?

पिक्सेलवाली | बुधवार, रात्री ९:४४

थांबलात हे बरं केलंत. एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी तिजोरी, कुलपांच्या किल्ल्या तिच्यात राहतात. प्रोसेसर बदलला की जुन्या तिजोरीतलं नव्याला वाचता येत नाही. ‘वाय’ दाबलं की ती रिकामी होऊन नव्याने सुरू होते. ड्राइव्हवर बिटलॉकर (फाइली कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावलेलं नसेल तर बिनधास्त ‘वाय’ दाबा. लावलेलं असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय दाबू नका, नाहीतर स्वतःच्याच फाइलींसमोर उभं राहावं लागेल.

अक्षरजुळणी | बुधवार, रात्री १०:१५

बिटलॉकर नव्हतं. ‘वाय’ दाबलं, विंडोज चालू झालं, सगळं जागेवर. कोयनाकाठ दादांचे आभार मानायला शब्द पुरत नाहीत. ओळख ना पाळख, स्वतःची वस्तू घेऊन आले, दोन तास जमिनीवर बसले.

आता १६ जीबीच्या दोन पट्ट्या. चार खाचा आहेत. कुठल्या दोन?

जुना_खिळा | बुधवार, रात्री १०:३०

प्रोसेसरपासून मोजत दुसरी आणि चौथी. सलग दोन नाही. जुनी ८ जीबी बाजूला काढा, वेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र चालल्या तरी नंतर कुरबुर करू शकतात. दोन्ही कडांना आवाज येईपर्यंत दाबा.

पहिल्यांदा चालू करताना ३२०० चा वेग लावू नका. नव्या रॅमला बोर्ड आपोआप कमी वेगावर उचलतो, तेच चांगलं. एक दिवस नीट चाललं की बायोसमधलं एक्सएमपी (रॅमचा पूर्ण वेग लावणारी सोय) चालू करा. त्यानंतर स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका. मशीन बंद, वायर काढा, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा, बोर्डावरची चपटी सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं काढून परत घाला. बायोसच्या सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर येतात.

अक्षरजुळणी | शुक्रवार, सायंकाळी ६:२०

तिन्ही पत्रिका आज गेल्या. रॅम ३२ जीबी दिसते, वेगही काल रात्री लावला, चार घड्यांची पत्रिका आता उघडायला वाट बघावी लागत नाही. बायोसमध्ये एफटीपीएम चालू केलं, विंडोज ११ रविवारी टाकणार.

आता एकच विचार. पुण्याच्या दुकानदाराशी बोलले. तो म्हणतो, वापरलेला प्रोसेसर बदलून मिळणार नाही. मग ५६०० च ठेवून स्वतःचं कार्ड घ्यावं का?

पिक्सेलवाली | शुक्रवार, सायंकाळी ७:०५

ठेवा. खरं सांगायचं तर कार्ड घेणार असाल तर ५६०० हा ५६०० जी पेक्षा चांगलाच आहे. त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी आहे, जीची १६. वाईट सौदा झालेला नाही, फक्त कार्डाचा खर्च आधी कळायला हवा होता.

कोयनाकाठांचं जीटी ७१० तुमच्या कामाला पुरतं, पण ते जुन्या पिढीचं आहे, त्याला नवे ड्रायव्हर येणं बंद झालंय. घेणारच असाल तर जरा अलीकडचं, वेगळी पॉवर न लागणारं घ्या. मात्र नव्या कार्डांना व्हीजीए नसतं. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा अ‍ॅडाप्टर लागेल, आत चिप असलेला. नुसती दोन टोकांची वायर मिळते ती चालत नाही, कारण एका बाजूला डिजिटल आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅनालॉग असतं, मधे कुणीतरी भाषांतर करावं लागतं. पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळेल.

आणि पुढे कधी जमलं तर मॉनिटर बदला. पत्रिकेचे रंग बघणाऱ्या माणसाने व्हीजीएच्या पुसट चित्रावर डोळे शिणवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

कोयनाकाठ | शुक्रवार, सायंकाळी ७:२०

ताई, तुमचं कार्ड येईपर्यंत माझं तिथेच राहू द्या. मला घाई नाही.

निळी_शाई | शनिवार, सकाळी १०:१०

धागा वरपर्यंत वाचला. माझीही मशीन काल जोडली आणि डिस्प्ले नाही. पण माझं सगळं नवीन आहे: रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५. बटण दाबून दोन मिनिटं थांबलो, काळीच स्क्रीन. बंद करून परत, तेच. चार वेळा केलं. बायोसच का?

जुना_खिळा | शनिवार, सकाळी १०:२५

बंद करणं आधी थांबवा. डीडीआर५ वर पहिल्या वेळी बोर्ड रॅमला तपासून, जुळवून घेतो, आणि त्याला दोन मिनिटांहून पुष्कळ जास्त लागू शकतात. दर वेळी मधेच बंद केलं की ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चालू करा आणि पंधरा मिनिटं घड्याळ लावून हात मागे ठेवा. रॅमचा दिवा पेटून राहिला तरी वाट बघा.

अक्षरजुळणी | शनिवार, सकाळी १०:३१

निळी_शाई, पंधरा मिनिटं झाली की नमलॉक दाबून बघा, पेटतो का ते इथे लिहा. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातली आठ पिनांची वायर लावली आहे ना?